प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची?

वाचकाचे पत्र, संक्षेपाने: माझी मुलगी 24 वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिचे सांधे दुखू लागले, गालांवर लालसर चट्टे आले आणि केस गळू लागले. तपासण्यांनंतर डॉक्टरांनी ल्युपसचे निदान केले. सहा महिने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि स्टेरॉइडची लहान मात्रा सुरू आहे. ‘शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली आहे’ एवढेच आम्हाला समजले. माझ्या नणंदबाईंचे म्हणणे असे की, प्रतिकारशक्ती कमी पडते तेव्हाच माणूस आजारी पडतो, म्हणून स्टेरॉइड बंद करून रोज गुळवेलीचा काढा द्यावा. लहानपणी ती वारंवार आजारी पडे आणि मी तिला बरीच औषधे दिली. त्यामुळे हे झाले का, हा विचार मला झोपू देत नाही. धाकट्या मुलाची ल्युपससाठीची एएनए ही रक्ततपासणी करून घ्यावी का? मुलीसाठी स्थळे पाहायला सुरुवात केली होती, ते थांबवावे का? — एक आई, सातारा जिल्हा

सप्रेम नमस्कार ताई,

सर्वांत आधी दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांना उशीर चालणार नाही. सहा महिने घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबवायचे नसते. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी आपले नैसर्गिक कॉर्टिसॉल तयार करणे कमी करतात. गोळी अचानक बंद झाली तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत वेळ येऊ शकते आणि दबलेला ल्युपस उसळी घेतो तो वेगळाच. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांनी आखून दिलेल्या टप्प्यांनीच. दुसरी गोष्ट, गुळवेलीचा काढा तुमच्या मुलीला देऊ नये. याचे कारण नीट समजण्यासाठी मात्र प्रतिकारशक्ती म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागेल.

तुमच्या नणंदबाईंचा हेतू चांगलाच आहे. करोनाच्या काळात ‘इम्युनिटी वाढवा’ हे शब्द इतक्या वेळा आपल्या कानांवर पडले की, प्रतिकारशक्ती ही एकच राशी असून ती कमी म्हणजे वाईट आणि जास्त म्हणजे चांगली, अशी समजूत घरोघरी पक्की झाली. वास्तविक या यंत्रणेची दोन कामे आहेत. परक्या जंतूंचा नाश करणे हे पहिले, आणि स्वतःच्या पेशींना हात न लावणे हे दुसरे. या दुसऱ्या कामाला वैद्यकात स्वसहिष्णुता म्हणतात. ती आपोआप मिळत नाही आणि एकदा मिळाली की जन्मभर टिकतेच असेही नाही. ती शरीराला रोज, प्रत्येक अवयवात, खर्च करून राखावी लागते. ल्युपसमध्ये बिघाड झालेला असतो तो या राखणीत. म्हणूनच या आजाराचा रुग्ण एकीकडे जंतुसंसर्गाला सहज बळी पडतो आणि दुसरीकडे त्याच्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर हल्ला होत असतो. प्रतिकारशक्ती कमी आहे की जास्त, या प्रश्नाने त्या अवस्थेचे वर्णनच होऊ शकत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न: शरीर स्वतःवर उलटतेच कसे? विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचे रक्त टोचले, तेव्हा त्या परक्या रक्तपेशी फोडणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज, म्हणजे नेमक्या लक्ष्याला चिकटणारी संरक्षक प्रथिने) त्यांच्यात तयार झाली, पण स्वतःच्या रक्तपेशी फोडणारी प्रतिपिंडे त्याला आढळली नाहीत. स्वतःचे विष स्वतःवर चालवणे शरीराला मंजूरच नसते, असा अर्थ त्यातून पुढच्या पिढीने काढला आणि स्वयंप्रतिकार आजार असू शकतात हेच अनेक वर्षे मान्य झाले नाही. आज आपण जाणतो की शरीरात स्वतःविरुद्धच्या पेशी तयार होतात, प्रत्येकाच्या शरीरात होतात, आणि त्या होणे टाळताही येत नाही. पुढे कोणता विषाणू येईल हे शरीराला आधी ठाऊक नसते. म्हणून टी आणि बी या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी तयार होताना, जंतू ओळखणाऱ्या त्यांच्या ग्राहकांची (रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारी प्रथिने) जनुके तुकड्यातुकड्यांनी, जवळजवळ यदृच्छेने जोडली जातात. या जुळणीतून अगणित वेगवेगळे ग्राहक निर्माण होतात, आणि त्यांतले बरेच नेमके आपल्याच एखाद्या प्रथिनाला चिकटणारे निघतात. निरोगी माणसांच्या अस्थिमज्जेतील नव्या बी पेशी 2003 साली तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक पेशी स्वतःच्याच घटकांना ओळखणाऱ्या आढळल्या. मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट: काही जणांना ल्युपस का होतो यापेक्षा बहुतेकांना तो का होत नाही, हा प्रश्न अधिक अवघड आहे.

त्याच्या उत्तराचा पहिला भाग छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत आहे. ही ग्रंथी बालपणी मोठी असते आणि वयात आल्यानंतर हळूहळू आक्रसत जाते. तिथे कोवळ्या टी पेशींची निवड होते. ज्या पेशी काहीच ओळखू शकत नाहीत त्या मरून जातात. ज्या आपल्याच प्रथिनांना फार घट्ट चिकटतात त्याही मारल्या जातात, किंवा त्यांतल्या काही वेगळ्या कामाला लावल्या जातात, ज्याचा उल्लेख पुढे येईल. शंभरांतून फार तर पाचेक पेशी बाहेर रक्तात येतात. पण इथे एक अडचण होती. इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होते आणि थायरोग्लोब्युलिन थायरॉइडमध्ये. मग छातीतल्या ग्रंथीत बसून या प्रथिनांविरुद्धच्या पेशी ओळखायच्या तरी कशा? याचा उलगडा एका दुर्मीळ आजारातून झाला. फिनलंडमध्ये तुलनेने अधिक आढळणाऱ्या या आजारात लहान मुलांच्या एकामागून एक अनेक ग्रंथी स्वयंप्रतिकाराने निकामी होतात. 1997 मध्ये त्याला कारण असलेले ‘एअर’ नावाचे जनुक सापडले, आणि पुढे 2002 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून त्याचे काम स्पष्ट झाले: थायमसमधल्या काही पेशी या जनुकाच्या मदतीने शरीरभरातल्या अवयवांची हजारो प्रथिने थोडी थोडी तिथेच तयार करून दाखवतात. ज्या मुलांत हे जनुक बिघडलेले असते त्यांच्या थायमसमध्ये ही प्रथिने दिसतच नाहीत आणि त्यांच्याविरुद्धच्या पेशी बाहेर निसटतात.

जनुक शाबूत असले तरी काही पेशी निसटतातच. त्यांच्यासाठी पुढची व्यवस्था आहे. टी पेशीला काम सुरू करायला दोन इशारे लागतात, जशा बँकेच्या लॉकरला ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागतात. पहिला इशारा म्हणजे तिला हवे ते प्रथिन दिसणे. दुसरा इशारा देतात त्या जंतूंची चाहूल लागल्याने जागृत झालेल्या शेजारच्या पेशी. नुसता पहिलाच इशारा मिळाला, म्हणजे आजूबाजूला जंतू नाही, जखम नाही, दाह नाही आणि तरी प्रथिन दिसते आहे, तर टी पेशी पेटण्याऐवजी बधिर होते आणि पुष्कळदा मरून जाते. त्याशिवाय पेटलेल्या टी पेशीच्या अंगावर तिला थांबवणारी सीटीएलए-4 आणि पीडी-1 यांसारखी प्रथिनेही असतात. ती किती महत्त्वाची आहेत, हे कर्करोगाच्या उपचारांतून लख्ख कळले. गाठीविरुद्ध टी पेशी मोकळ्या सुटाव्यात म्हणून हे लगाम सैल करणारी औषधे निघाली. त्यांच्या मुळाशी असलेल्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले. ही औषधे घेणाऱ्या कितीतरी रुग्णांना, ज्यांना आयुष्यात कधी स्वयंप्रतिकार आजार नव्हता अशांनाही, थायरॉइडची, आतड्यांची, यकृताची किंवा सांध्यांची सूज येते. म्हणजे हल्ला करू शकणाऱ्या पेशी त्यांच्यात आधीपासून होत्याच. त्या आवरलेल्या होत्या.

राखणीचा तिसरा भाग म्हणजे नियामक टी पेशी. थायमसमध्ये स्वतःला घट्ट चिकटणाऱ्या ज्या काही पेशी मारल्या जात नाहीत, त्या या पेशी होतात. त्यांचे काम हल्ला करणे नसून इतर टी पेशींना शांत ठेवणे हे असते. जपानमधील शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये या पेशी ओळखून दाखवल्या, तेव्हा अनेक सहकाऱ्यांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल जन्मतःच आजारी पडणाऱ्या उंदरांच्या एका जातीचा अभ्यास करीत होते. त्या आजाराचे कारण असलेले फॉक्सपी-3 हे जनुक त्यांना सापडले आणि याच जनुकातील दोषाने लहान मुलग्यांना एक गंभीर स्वयंप्रतिकार आजार होतो हे 2001 मध्ये सिद्ध झाले. दोन वर्षांनी हे दोन धागे जुळले: फॉक्सपी-3 नसेल तर नियामक पेशी तयारच होत नाहीत. या कामासाठी या तिघांना 2025 चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

एवढी तपशीलवार हकीकत सांगण्याचे कारण हे की, नेमके कोणत्या टप्प्यावर काय सैल झाले, ते आजारागणिक वेगळे असते. ल्युपसमध्ये बी पेशींनी तयार केलेली प्रतिपिंडे आपल्याच पेशींच्या केंद्रकातील डीएनए आणि त्याला जोडलेल्या प्रथिनांना चिकटतात. शरीरात रोज कोट्यवधी पेशी मरतात आणि त्यांचे अवशेष गाजावाजा न करता उचलले जातात. ल्युपसमध्ये ही उचल मंदावलेली असते. हे काम करण्यास मदत करणारे सी-1-क्यू नावाचे प्रथिन जन्मतःच नसलेल्या माणसांपैकी बहुतेकांना ल्युपससारखा आजार होतो, हा त्याचा मोठा पुरावा आहे. मागे राहिलेला डीएनए आणि आरएनए मग प्रतिकारयंत्रणेला विषाणूंचा आहे असे भासते. विषाणूंचा आरएनए ओळखणारा टीएलआर-7 नावाचा एक ग्राहक पेशींच्या आत असतो. त्याचे जनुक एका मुलीत जरुरीपेक्षा जास्त सक्रिय झाल्याने तिला बालपणीच ल्युपस झाल्याचे 2022 मध्ये दाखवले गेले. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि स्त्रियांच्या काही पेशींत त्याच्या दोन्ही प्रती काम करीत राहतात. ल्युपसच्या दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया का असतात, याचे निदान एक कारण इथे दिसते.

तुमच्या मुलीचे औषध आता या चित्रात ठेवून पाहा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे पूर्वी मलेरियासाठी वापरले जाणारे औषध याच ग्राहकांची धार कमी करते. त्याचा गुण यायला दोन-तीन महिने किंवा त्याहूनही जास्त लागतात आणि तो आला तरी तो पटकन जाणवत नाही, म्हणून कंटाळून ते सोडून देण्याचा मोह होतो. पण ल्युपसमध्ये आयुष्यभर चालू ठेवावे असे एकच औषध निवडायचे झाले, तर मी हेच निवडेन. मात्रा शरीराच्या दर किलोला रोज 5 मिलिग्रॅमच्या आत असावी, पहिल्या वर्षात एकदा नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिपटल तपासून घ्यावे आणि पाच वर्षांनंतर ही तपासणी दरवर्षी करावी. उन्हाचेही तसेच. अतिनील किरणांनी त्वचेतल्या पेशी मरतात, त्यांचा डीएनए बाहेर पडतो आणि आजार उसळतो. तेव्हा सनस्क्रीन, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि छत्री हा तिच्या उपचाराचाच भाग आहे, नटण्यामुरडण्याचा नव्हे. घरातल्या ज्येष्ठांना हे एकदा स्पष्ट सांगावे.

आता गुळवेल. तिच्यामुळे प्रतिकारयंत्रणेच्या पेशी उद्दीपित होतात, हाच तिचा गुण म्हणून सांगितला जातो; आणि तुमच्या मुलीत उद्दीपनाची कमतरता मुळीच नाही. ही केवळ तर्काची गोष्ट राहिलेली नाही. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ती इजा स्वयंप्रतिकार हिपॅटायटिसशी मिळतीजुळती होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, याची खातरजमा केलेली नाही. हा आक्षेप रास्त होता. पुढल्या वर्षी देशातील अनेक केंद्रांनी मिळून 43 रुग्णांचा अभ्यास मांडला आणि त्यांतही बहुसंख्यांची इजा त्याच प्रकारची निघाली. गुळवेल सर्वांनाच अपाय करते असा याचा अर्थ नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती घेणारे लोक आहेत. परंतु ज्या व्यक्तीची राखण आधीच सैल झाली आहे, तिला प्रतिकारयंत्रणा चेतवणारे काहीही देणे मला पटत नाही. ‘इम्युनिटी बूस्टर’ असे लेबल असलेल्या इतर बाटल्यांनाही हेच लागू आहे. अल्फाल्फाचे, म्हणजे लसूणघासाचे, मोड आणि त्याच्या गोळ्याही टाळाव्यात. अल्फाल्फा खाऊ घातलेल्या माकडांत ल्युपससारखा आजार उद्भवल्याचे 1980 च्या दशकातच नोंदले गेले आहे. स्वयंपाकातली हळद, आले, आवळा यांबद्दल मात्र काळजीचे कारण नाही. आयुर्वेदिक वैद्यांचा सल्ला घ्यायचाच असेल तर अवश्य घ्या, पण निदान आणि चालू गोळ्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवून, आणि त्यांनी जे दिले ते आपल्या संधिवाततज्ज्ञांना दाखवून.

तुमच्या झोपेचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. तुमच्या हातून काहीही चुकलेले नाही. जनुके एकसारखी असलेल्या जुळ्या बहिणींत एकीला ल्युपस झाला, तर दुसरीलाही तो होण्याचे प्रमाण सुमारे एकचतुर्थांशच आढळते; म्हणजे जनुके ठरवतात ते झुकते माप, निकाल नव्हे. उरलेल्या वाट्यात संप्रेरके, ऊन, विषाणूंचे संसर्ग, धूम्रपान आणि निव्वळ योगायोग यांची अशी गुंतागुंत असते की त्यातून एक दोषी काढून दाखवता येत नाही. अमेरिकी सैनिकांचे साठवून ठेवलेले जुने रक्तनमुने 2003 मध्ये तपासले गेले, तेव्हा पुढे ल्युपस झालेल्यांपैकी 88 टक्के लोकांच्या रक्तात निदानाच्या आधीपासून, काहींत तर नऊ वर्षांहूनही आधी, स्वयंप्रतिपिंडे होती. राखणीचा एकेक टप्पा सैल होत आजार इतका सावकाश, इतक्या आतून तयार होतो. तापावर दिलेल्या औषधाने किंवा वेळेवर टोचलेल्या लसीने तो आणला असे म्हणायला कसलाही आधार नाही. लसींचे म्हणाल तर तिला आता फ्लू आणि न्यूमोकोकस यांच्या निर्जीव लसी उलट आवर्जून द्यायला हव्यात. जिवंत जंतूंच्या लसींबाबत मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

धाकट्या मुलाला काही त्रास नसेल तर त्याची एएनए तपासणी करू नका. ही तपासणी पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. निरोगी माणसांतही 1:40 या पातळीला (म्हणजे रक्तद्रव चाळीसपट पातळ करून) ती जवळजवळ तिघांतल्या एकात आणि 1:160 या पातळीला वीसांतल्या एकात होकारार्थी येते. वर सांगितल्याप्रमाणे स्वतःविरुद्धच्या पेशी प्रत्येकात असल्याने हे व्हायचेच. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द दिसला की धडधाकट मुलगा रुग्ण होऊन बसेल आणि हाती काही लागणार नाही. सांधे सुजले, उन्हाने चट्टे उठले, तोंडात वारंवार फोड आले, तर तेव्हा तपासावे.

मुलीच्या बाबतीत मात्र ज्या तपासण्या चुकवू नयेत त्या वेगळ्या आहेत. मूत्रपिंडांवरचा हल्ला सुरुवातीला दुखत नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी किंवा डॉक्टर सांगतील त्या अंतराने लघवीतील प्रथिने, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासावा. लघवीला फेस येऊ लागला किंवा पायांवर सूज दिसली तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. ताप आला तर तो आजाराचा की संसर्गाचा, हे घरी ठरवू नये.

स्थळांचे पाहणे थांबवण्याचे कारण नाही, फक्त लग्न कधी आणि करायचे की नाही हे तिला ठरवू द्या. आजार लपवून लग्न करू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि ते केवळ सचोटीपोटी नाही. लपवलेल्या आजाराची गोळी सासरी उघडपणे घेता येत नाही, ती चुकत जाते, आणि वर्षभरात मुलगी रुग्णालयात दाखल होते. हा प्रकार संधिवाततज्ज्ञांना चांगला परिचयाचा आहे. ज्या घराला हे ऐकून मागे हटायचे असेल त्याने आधीच मागे हटलेले बरे. ल्युपस असलेल्या बहुतेक मुलींना सुखरूप बाळंतपण शक्य असते, मात्र गर्भधारणेपूर्वी आजार निदान सहा महिने शांत असावा लागतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणातही चालू ठेवायचे असते. पुढेमागे मेथोट्रेक्सेट किंवा मायकोफेनोलेट सुरू झाले, तर ती मात्र दिवस राहण्याच्या पुरेशी आधी बदलावी लागतात. गर्भपाताचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दाखवणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे आणि बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर क्वचित परिणाम करणारी अँटि-आरओ प्रतिपिंडे तिच्या रक्तात आहेत का, हे आधी पाहून ठेवावे. या दोन तपासण्या झाल्या आहेत का, ते तिची जुनी फाइल काढून पाहा; नसतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे त्यांचा विषय काढा.